आधी अडचण निवड, मग शेती

प्रश्न : माझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. भूगोलात फिरती, सखोल, विस्तृत, मळ्याची असे शेतीचे प्रकार शिकले आणि हाच विषय डोक्यात बसला. आमची घरची शेती नाही. यातला सर्वांत प्रगत प्रकार कोणता? मला त्याचंच शिक्षण घ्यायचं आहे.

उत्तर : घरची शेती नसताना शेतीत यावंसं वाटतंय, याचं मला फार कौतुक वाटलं. पण ‘सर्वांत प्रगत’ हे शब्द तेवढे बाजूला ठेव. पुस्तकात हे प्रकार एकाखाली एक छापलेले असतात म्हणून पायऱ्यांसारखे वाटतात, एवढंच. कुठे कशाची वानवा आहे, त्यावर शेतीची घडण ठरते.

कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात जमीन अफाट आणि माणसं थोडी, म्हणून गव्हाची प्रचंड शेतं आणि अवाढव्य यंत्रं. इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात पाणीच नाही. तिथल्या हात्झेरिम या किबुत्झने, म्हणजे सामूहिक शेतीवसाहतीने, १९६५ मध्ये ठिबक सिंचनाचा व्यवसाय सुरू केला. फिलिपाइन्समधल्या इफुगाओ लोकांकडे सपाट जमीन नव्हती, त्यांनी डोंगरउतारावर भाताची खाचरं बांधली. ॲमेझॉनच्या जंगलातल्या फिरत्या शेतीला तर लोक मागासलेली म्हणून मोकळे होतात. पण तिथल्या मातीतली अन्नद्रव्यं पावसाने निचरून जातात. म्हणून झाडं जाळून राखेवर दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि मग जागा बरीच वर्षं पडीक सोडायची. हिशेब चोख आहे. पडीक काळ कमी केला की मात्र तो कोलमडतो.

नेदरलँड्समध्ये जमीन कमी, म्हणून काचगृहं. तुझ्या डोळ्यांसमोर संगणक आले असतील. पण तिथे टोमॅटोच्या ओळींमध्ये पुठ्ठ्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात आणि त्यांत बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या जातकुळीतल्या जाडसर, केसाळ माश्या. टोमॅटोचे परागकण परागकोशाच्या नळीत दडलेले असतात, फूल थरथरलं तरच सुटतात. पूर्वी मजूर हातात कंपन करणारं यंत्र घेऊन एकेक घोस हलवायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते काम या माश्या करू लागल्या. माशी फुलाला जबड्याने धरून लोंबकळते आणि अंग थरथरवते. तिने धरलं तिथे तपकिरी डाग उरतो. सकाळी ओळीतून फिरत हे डाग बघायचे आणि परागीभवन नीट होतंय का ते ठरवायचं, हे तिथल्या जाणकाराचं काम. मला स्वतःला शेतीतलं हे काम सर्वांत मोहक वाटतं.

तेव्हा प्रकार निवडू नकोस, अडचण निवड. पाण्याची ओढ असेल तर सिंचन अभियांत्रिकी, मातीची असेल तर मृदाशास्त्र, त्या माशीपाशी मन रेंगाळलं असेल तर कीटकशास्त्र किंवा उद्यानविद्या. कॉलेजची नावं शोधणं नंतरचं. शेतकऱ्याच्या हाताखाली एक पूर्ण हंगाम काम मात्र नक्की कर, घरची शेती नसलेल्यांनी तर करायलाच हवं.

तोवर ऊन येईल पण वारा लागणार नाही अशा खिडकीत टोमॅटोचं एक रोप लाव. फुलं आली की निम्म्या घोसांना रोज दुपारी हलकी टिचकी मार, उरलेल्यांना हात लावू नकोस. कुठे किती फळं धरली ते मोजून मला कळव.