जुन्या शिडाच्या बोटीत फोम किती आणि कुठे भरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सोळा फुटी जुनी फायबरची शिडाची बोट घेतलीय, बाकांखाली दोन बंद कप्पे आहेत, आणि पाणी भरलं तरी बुडू नये म्हणून तळाच्या फळीखाली ओतायचा फोम भरावा का. माझं म्हणणं, फोम भरा, पण तळाखाली नको आणि ओतायचा तर नकोच. हे दोन्ही मी माझ्या पहिल्या बोटीत केलंय आणि निस्तरलंय.

आधी किती ते बघू. बरेच जण बोटीच्या अख्ख्या वजनाएवढा फोम लागेल असं धरतात आणि आकडा बघून नाद सोडतात. पण वस्तू पाण्यात बुडाली की तिचं वजन कमी भरतं, शाळेतला आर्किमिडीज आठवा. फायबरचं जेमतेम एक तृतीयांश उरतं, शिशाचं मात्र 90 टक्के, लोखंडाचं 88च्या आसपास, आणि लाकूड असेल तर ते उलट आपल्यालाच उचलतं. आता समजा तुमच्या बोटीत 240 किलो फायबर आहे, ते झालं 80. कीलमध्ये (बोट कलंडू नये म्हणून तळाला असते ती जड पट्टी) 80 किलो शिसं, ते 73. इंजिन, अँकर, सटरफटर मिळून 22-25 धरा. एकूण 175-180 किलो. एक लिटर हलका फोम साधारण एक किलो उचलतो (स्वतःचं वजन वजा जाता थोडं कमीच), म्हणजे 180 लिटरला बोट बुडायची थांबली. पण थांबली म्हणजे काठ पाण्याच्या बरोबरीने, तुम्ही हात टेकवला की परत खाली! आत बसून पाणी उपसायचं असेल तर दुप्पट लागतो, 350 ते 400 लिटर. बंद कप्प्यांची जागा त्यातून वजा करा, पण झाकणाच्या रबराची खात्री असेल तरच, माझ्या अनुभवात तिथूनच पाणी शिरतं.

कंपनीने काहीतरी सोय केलीच असेल असंही धरू नका. अमेरिकेत 20 फुटांखालच्या मोटारबोटींना तरंगायची सोय कारखान्यातूनच द्यायचा नियम आहे, शिडाच्या बोटींना त्यातून सूट आहे. आणि पंप आहे ना, असंही नको, पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर 5 सेंटीमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला 200 लिटरच्या वर पाणी आत येतं, हातपंपाने ते होत नाही.

आता कुठे, आणि मला वाटतं किती यापेक्षा हेच महत्त्वाचं. बोट पाण्याने भरली की तळाशी असलेला फोम वर यायला बघतो, वर असलेलं वजन खाली जायला बघतं, आणि बोट सरळ उलटी होते. तरंगते खरी, पण पालथी, डोलकाठी खाली. म्हणून फोम काठाखाली, दोन्ही बाजूंना सारखा, जितका वर आणि बाहेर जाईल तितका. थोडा पुढच्या आणि मागच्या टोकालाही, नाहीतर भरलेली बोट एका टोकावर उभी राहते.

ओतायच्या फोमची माझी गोष्ट सांगतो. दोन डब्यांतलं मिसळून ओततात तो, बघता बघता पंचवीस-तीस पट फुगतो. मी घाईत एकदम जास्त ओतला आणि फळी मधोमध टम्म वर आली, ते तेव्हा गमतीत घेतलं. सहा वर्षांनी बोट दोघांना ढकलेना म्हणून फळी कापली तर वरचा फोम पिवळा, खडखडीत कोरडा आणि खालचा वीतभर थर काळपट, मुठीत दाबला की मनगटावरून पाणी ओघळायचं. पाणी झिरपत गेलेलं आणि बाहेर यायला वाटच नाही. छिन्नीने खरवडून गोण्या भरल्या, मूळचा पाच-सहा किलोचा फोम साठच्या पुढे भरला. दोन सुट्ट्या त्यातच गेल्या, घरचे काय म्हणाले ते लिहीत नाही.

आता मी दाट, निळ्या-गुलाबी रंगात मिळतात ते पॉलिस्टायरिनचे ब्लॉक कापून वापरतो, मागे बोटभर फट सोडून, म्हणजे पाणी निथळतं आणि वर्षातून एकदा काढून बघता येतं. पांढरा दाण्यांचा थर्माकोल नको, दाण्यांमधून पाणी शिरतं. पेट्रोल सांडलं तर मात्र दोन्ही विरघळतात. पॉलिस्टर रेझिनही या दोन्हींना खातं, वरून फायबरचं कापड चढवायचं तर इपॉक्सी रेझिनच घ्या. खर्च करायचा नसेल तर घट्ट झाकणाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या जाळीत भरून ठेवा, हसू नका, एक फुटली तरी बाकीच्या असतातच. मुलं शिकतात त्या ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीत तर नुसत्या हवेच्या तीन पिशव्या असतात. फक्त पट्टे दणकट हवेत, 100 लिटरचा ब्लॉक पाण्याखाली जवळजवळ 100 किलोच्या जोराने वर ओढतो, दोन स्क्रूंनी तो राहत नाही.

हे सगळं झालं की कंबरभर शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, सोबतीला दोन जण घेऊन बोट मुद्दाम भरा. तिरकी होते का बघा, मग आत बसून बादलीने उपसायला लागा. माझ्या बोटीने पहिल्यांदा हे केलं तेव्हा सरळ तरंगली, मी खूश, आणि वीस मिनिटं उपसूनही पाणी इंचभर हलेना. सेंटरबोर्डच्या (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडतात ती फळी) खाचेचं वरचं तोंड पाण्याखाली होतं, मी बाहेर टाकत होतो तेवढं तिथून परत आत येत होतं. शेवटी ओला टॉवेल कोंबला तेव्हा पातळी उतरायला लागली. आता त्या खाचेवर रबर लावलेली पट्टी बसवलीय, आणि काठाखाली प्रत्येक बाजूला अजून 40 लिटर वाढवलेत.