तिसऱ्यांदा नीट? मी तरी समजावणार नाही

प्रश्न : मुलीने दोनदा नीट दिली, यंदा ३१२ गुण. तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. बारावीला तिचं रसायनशास्त्र चांगलं होतं, गणित हा विषयच नव्हता. डिसेंबरात विज्ञान प्रदर्शनासाठी किट घेऊन इथल्या, गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी नदीचं पाणी तपासलं, तेव्हापासून 'नदीच्या पाण्याचंच काम करणार' म्हणते. नाल्याचं पाणी बाटलीत भरायला आम्ही तिला एवढं शिकवलं का? कृपया तिला समजवा.
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पत्रात 'आम्ही' ठसठशीत आहे, मुलगी एका वाक्यापुरती. मला ३१२ गुणांपेक्षा याची काळजी वाटते. दोन वर्षं तिने तुमचं ऐकलं. आता ती नाही म्हणते, पण त्याच दमात काय करायचंय तेही सांगते. नुसतं गप्प बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नातेवाइकांना काय सांगायचं हा तुमचा प्रश्न आहे, तिचा नाही. त्यापायी तिचं आणखी एक वर्ष घालवू नका.

आता 'बाटली भरण्या'बद्दल. पाऊस शहरातून वाहताना रस्त्यावरचं ऑइल, टायर-ब्रेकची धूळ, कचरा, माती घेऊन येतो. कोरड्या दिवसांनंतरची पहिली मोठी सर आली की सगळ्यात घाण पाणी बहुधा पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच नाल्यातून नदीत जातं. दुसऱ्या दिवशी अकराला सावकाश भरलेल्या बाटलीत ते सापडत नाही आणि अहवाल छान येतो. म्हणून एक नमुना पावसाआधी, मग पाणी चढायला लागलं की तासभर दर दहा मिनिटांनी, पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने. दर वेळी पातळीची नोंद, कारण पातळीवरून प्रवाह काढता येतो आणि प्रवाहाशिवाय आकडा अर्धाच. लिटरला २०० मिलिग्रॅम गाळ आणि सेकंदाला २ घनमीटर प्रवाह असेल, तर तासाला १,४४० किलो गाळ गोदावरीत गेला. आकडे वाचताही यावे लागतात. सरीनंतर गढूळपणा चढतो, पण पावसाचं पाणी मिसळल्याने विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा, साधारण उतरते. ती उतरलीच नाही आणि सांडपाण्याची खूण असलेला अमोनियाही वाढला, तर कुठेतरी ड्रेनेजचं चेंबर तुंबून नाल्यात येतंय असा संशय घ्यायचा आणि नाल्याच्या वरच्या अंगाला एकेक टप्पा तपासत जायचं. हे कुठलंही किट करत नाही.

बाटली भरणंही सोपं नाही. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठीची ३०० मिलीची बाटली काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा नको, आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं, मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड, जागेवरच घालायची. बुडबुडा अडकला की मेलेल्या नाल्यातही ऑक्सिजन दिसू लागतो! जिवाणूंची बाटली वेगळी, निर्जंतुक, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत. डिकीत दुपारभर तापली तर फेकून द्या. नदीतल्या आंघोळीच्या पाण्याच्या निकषात विष्ठाजन्य कोलिफॉर्मची, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची, कमाल मर्यादा १०० मिलीला २,५०० आहे. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर याच आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष असेल.

मार्ग : गणित नाही, म्हणजे सिव्हिल इंजिनीअरिंग विसरा. बीएस्सी रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, मग पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळ, खासगी प्रयोगशाळा, सल्लागार कंपन्या. पदवीलाच 'पर्यावरण' नावाचा कोर्स मी तरी सुचवणार नाही. आधी रसायनशास्त्र पक्कं होऊ दे. सुरुवातीचा पगार डॉक्टरच्या जवळपासही नसेल, तेही तिला सांगा.

मुलीलाही एक खटकणारी गोष्ट सांगतो. डिसेंबरात नासर्डीत पावसाचं पाणी नसतंच, म्हणजे तिने मुख्यतः सांडपाणीच तपासलं. ते आकडे फेकायचे नाहीत. पावसातल्या आकड्यांची तुलना कोरड्या दिवसांच्या या आकड्यांशीच करायची. आता जूनच्या पहिल्या सरीत तेच ठिकाण धरायचं, पुलावरून दोरी-बादलीने, प्रवाहाच्या मध्यातून, तळाचा गाळ न ढवळता. पाण्यात उतरायचं नाही, पूर असेल तर पुलावरही थांबायचं नाही. वेळ आणि पातळी लिहायला दुसरा माणूस लागतोच. ते काम तुम्ही करा.