नखं काढू नका ताई, मनीला खांब द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुमची मांजर मनी दीड वर्षाची झालीय, नव्या सोफ्याचे हात फाडून तिनं आतला फोम बाहेर काढलाय, सासूबाई म्हणायल्यात पोत्यात घालून लांब सोडून या, आणि अमेरिकेतल्या जाऊबाईंनी सांगितलंय की तिकडं मांजराची नखं कायमची काढून टाकायचं ऑपरेशन असतं, तर ते कोल्हापुरात कोण करतं आणि खर्च किती येतो. खर्चाचं राहू दे, आधी ते ऑपरेशन असतं काय ते बघा, कारण नखं काढणं म्हटलं की दाढ काढल्यासारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं आणि तिथंच सगळा घोळ होतो.

मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातनं उगवतं. नुसतं नख काढलं तर ते परत येणार, म्हणून डॉक्टर ते हाडच सांध्यातनं कापून टाकतात. पुढच्या एकेका पायाला पाच बोटं, म्हणजे दहा पेरं गेली. आपल्या हाताच्या दहाही बोटांची नखाकडची पेरं छाटली तर काय उरेल तेवढंच तिच्याकडं उरतं, आणि मांजर चालतं ते बोटांवरच की ओ, आपल्यासारखी टाच टेकून नाही. लेझरनं करतात, दुखत नाही असं कोण सांगितलं तरी हाड जायचं ते जातंच. दुसरा एक प्रकार असतो, त्यात नखं ठेवतात आणि आतली नस, म्हणजे नख बाहेर ओढणारा दोरीसारखा स्नायुबंध, कापतात, मग मांजराला नखं बाहेरच काढता येत नाहीत, ती झिजत नाहीत, जाड होत जातात आणि जन्मभर तुम्हालाच कापत बसावी लागतात. मग नस कापून मिळवलं काय?

पुढचं आणखी अवघड. काही मांजरं लंगडतात, काहींच्या बोटात हाडाचा तुकडा राहून गेलेला असतो आणि त्यातनं वाकडं नख परत येतं, काहींना शी-शूसाठी माती घालून ठेवलेल्या भांड्यात पाय ठेवला की टोचतं म्हणून ती गादीवर नाहीतर कपड्यांच्या ढिगावर जाऊन बसतात. आणि नखांचं हत्यार गेलं की मांजर दात वापरतं, चावायला लागतं. प्रत्येक मांजराला हे सगळं होतंच असं नाही, पण सोफा वाचवायला गेलो आणि गादी घालवून बसलो असं झालेलं पुष्कळ ठिकाणी आहे.

ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यापासून हे असं हौसेखातर करता येत नाही, इस्राएलनं २०११ मध्ये बंदी घातली, आणि जाऊबाईंच्या अमेरिकेतसुद्धा न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये बंद केलं, मग मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स. बाकी बऱ्याच राज्यांत अजून चालतं, म्हणून त्यांना ते नेहमीचं वाटत असेल, त्यांना दोष देत नाही मी. आपल्याकडं १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याचा अवयव छाटून त्याला अपंग करणं ही क्रूरता धरलीय. आणि हे सासूबाईंना जरा गोडीत सांगा, पाळलेल्या जनावराचे उपाशी-तहानेलं हाल होतील अशा ठिकाणी विनाकारण सोडून देणं पण त्याच कलमात बसतं. पोत्यात घालून पंचगंगेपलीकडं सोडायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे, तरीपण.

आता मुद्द्याचं. मनी सोफा फाडतीय तो राग म्हणून नाही आणि तुम्हाला खिजवायला तर अजिबात नाही. नखावरचं जुनं टरफल निघायला पाहिजे असतं (सोफ्याखाली झाडताना वाकडी पोकळ टरफलं सापडत असतील बघा, लोकांना वाटतं नख मोडलं, तसं नसतं, ते निघणं चांगलंच), झोपेतनं उठल्यावर खांद्यापासनं पाठीपर्यंत अंग ताणायचं असतं, आणि पंजाच्या गादीत वासाच्या ग्रंथी असतात त्यामुळं 'हे माझं घर' अशी खूण पण करायची असते. हे थांबवता येत नाही. फक्त जागा बदलता येते, आणि जागा बदलायची तर नवी जागा सोफ्यापेक्षा भारी पाहिजे. सगळी ग्यानबाची मेख इथंच आहे.

ऑनलाईन जे दीड फुटी गुलाबी खांब मिळतात, वर लोकरीचा गोळा लोंबकळत असलेले, ते घेऊ नका. मोठं मांजर उभं राहून ताणायला लागलं की ते खांब डुगडुगतात नाहीतर आडवेच होतात, आणि एकदा अंगावर पडला की मांजर त्याच्याकडं परत ढुंकून बघत नाही. मनी मागच्या पायांवर पूर्ण उभी राहून हात वर ताणते तेव्हा जेवढी उंची होते त्याहून खांब उंच पाहिजे, म्हणजे साधारण तीन फूट धरा. आमच्याकडं सुतारानं दारांच्या कामातनं उरलेला चौकोनी सोट दिला, खाली दोन फूट बाय दोन फूट जाड प्लायवूड, खालच्या बाजूनं लांब स्क्रू. मी त्यावर पाय देऊन हलवून बघितला, हलला नाही, मग दोरी गुंडाळली.

दोरी कसली ते महत्त्वाचं. घायपाताची, म्हणजे केकताडाच्या वाखाची दोरी सगळ्यात चांगली, ती नखात अडकते आणि सुटते पण, ऑनलाईन तीच सिसल नावानं मिळते. लक्ष्मीपुरीत दोरीच्या दुकानात दावं-कासरा मागितला तर हल्ली पहिल्यांदा नायलॉनचंच पुढं करतात, ते नको, गुळगुळीत असतं आणि मांजराला त्यात काही राम वाटत नाही. वाखाची नसली तर काथ्याची चालते, कचरा जास्त पडतो एवढंच. वेढे एकाला एक चिकटून घट्ट ओढायचे, मध्ये फट राहिली की दोरी महिनाभरात सैल. टोकाला खिळा मारायचा तर डोकं पूर्ण आत जाऊ दे, नाहीतर तिचा पंजाच फाटायचा. एवढी खटपट नको असली तर गुळाच्या नाहीतर धान्याच्या दुकानातनं रिकामं गोणपाट आणा, धुवून वाळवून फळीवर ताणून ठोका आणि ती फळी भिंतीला पक्की करा. दिसायला काही खास नाही, पण मांजरं लई खूश असतात त्यावर.

आणि हा खांब गॅलरीत कोपऱ्यात नेऊन ठेवू नका! सासूबाई म्हणतीलच की हॉलमध्ये हे काय धूड आणलंय, पण तो सोफ्याच्या ज्या हाताला ती नखं लावतीय त्याच्या शेजारीच पाहिजे, जमलं तर दुसरा ती झोपते तिथं. नीट सवय लागली की मग रोज थोडा थोडा सरकवत न्या पाहिजे तिकडं. पंजे धरून खांबावर घासायला लावू नका, त्यानं ती उलट बिथरते, त्यापेक्षा दोरीचं टोक वरनं हलवून खेळवा, आपोआप नखं रोवते. रोवली की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. साधं उकडलेलं हां, रस्स्यातलं नको, कांदा-लसूण मांजराला विषारी असतो, मग रस्सा तांबडा असू दे नाहीतर पांढरा.

सोफ्याच्या हातांवर तेवढे दिवस दोन्हीकडनं चिकटणारी रुंद टेप लावा, पंजाला चिकचिक लागलं की मांजर तिथं जात नाही. परत कापड चढवणार असाल तर जाड सुट्या विणीचं घेऊ नका, नख अडकून धागा ओढला जातो आणि तेच तिला आवडतं. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड घ्यायला गेलात तर घट्ट विणीचं मायक्रोफायबर नाहीतर बारीक मखमल बघा. फिनेल, डेटॉल, लिंबाचं तेल असलं काही सोफ्याला फासू नका, बरेच लोक हे सांगतात पण मांजराच्या लिव्हरला असली रसायनं पचवता येत नाहीत, ती पंजा चाटते आणि सगळं पोटात जातं. ओरडणं आणि पाणी मारणं पण सोडा, ती फक्त तुम्ही नसताना फाडायला शिकते. आणि कोल्हापुरी चपला कपाटात ठेवा, चामड्यावर नखं घासायला मांजराला भारी वाटतं, दारात ठेवलेल्या चपलांचं काय होतं ते सांगत नाही.

आता नखं कापणं. हे तुम्ही घरीच करू शकता. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, दुपारी ती पेंगुळलेली असताना मांडीवर घ्यायची, पंजाचं एक बोट वरनं-खालनं हलकं दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात धरलं की आत गुलाबी भाग दिसतो, तिथं रक्त आणि संवेदना असतात, त्याला हात लावायचा नाही, त्याच्या बऱ्यापैकी पुढं जे पांढरं वाकडं टोक असतं तेवढंच उडवायचं. मांजरांचा वेगळा नेलकटर मिळतो तोच घ्या, आपल्या बोथट नेलकटरनं नख चिरतं. एका बैठकीत सगळी झालीच पाहिजेत असं नाही, दोन झाली आणि शेपूट आपटायला लागली की सोडून द्या, बाकीची उद्या. अंगठ्याचं नख विसरू नका, ते जरा वरच्या बाजूला असतं, कुठं टेकत नाही म्हणून झिजत नाही आणि म्हाताऱ्या मांजरात वळून गादीत घुसतं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर नाहीतर मैदा चिमूटभर दाबून धरा, थांबतं. मागच्या पायांची नखं सोफ्याला फारशी लागत नाहीत, ती नाही कापली तरी चालतं. अजिबात हात लावू देत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरकडं जाऊन पहिल्यांदा त्यांच्याकडनं बघून घ्या.

नखांवर चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या पण मिळतात, चार-सहा आठवड्यांत नख वाढलं की गळून पडतात, परत लावाव्या लागतात. घरातच राहणाऱ्या मांजराला ठीक आहे, पण मनी गच्चीवरनं शेजारी जाते असं तुम्ही लिहिलंय, तर तिला नकोत, कुत्रं मागं लागलं तर झाडावर कशी चढणार?

लहान मुलाला ओरबाडते म्हणालात, ते बहुतेक खेळातलं आहे. हाताची बोटं हलवून खेळवणं घरात सगळ्यांनी बंद करा, काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून खेळवा. आणि ओरखडा लहान असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि सीपीआरला (कोल्हापूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, बाहेर फिरणारं मांजर आहे, रेबीजच्या इंजेक्शनचं ते ठरवतील. हळद लावून बसू नका. मनीचं रेबीजचं लसीकरण झालं नसेल तर सोफ्याच्या आधी ते.

जाऊबाईंच्या मांजराचं ऑपरेशन झालेलंच आहे असं शेवटी लिहिलंय तुम्ही, आणि ते हल्ली चावतं, मातीच्या भांड्यात जात नाही म्हणून. ते हट्टानं करत नसणार, त्याचे पंजे दुखत असतील. त्यांना म्हणावं भांड्यात खड्यांऐवजी कागदाची मऊ लिटर (मातीऐवजी भांड्यात घालायचा भुगा) घाला, त्याला बाहेर सोडू नका आणि डॉक्टरकडं नेऊन पुढच्या पंजांचा एक्स-रे काढा, आत हाडाचा तुकडा राहिला असेल तर तो काढता येतो आणि दुखण्यावर औषधं पण आहेत.