बाबांना बोन मॅरो (स्टेम सेल) ट्रान्सप्लांटनंतर पुण्यात फ्लॅटवर आणलंय, शेजारी बांधकाम चालू आहे, घरी नक्की काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी ताप सांभाळा, 100.4 फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी ट्रान्सप्लांट युनिटला फोन करायचा, पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू असं अजिबात करू नका कारण गोळीने ताप दबतो, इन्फेक्शन नाही. माझ्या भावाच्या वेळी घरी मीच बघत होते, त्यावरून सांगतेय. बांधकामाच्या बाजूच्या खिडक्या बंदच ठेवा, त्या धुळीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते आणि ती फुप्फुसात जाते. कुंड्यांची माती, बाल्कनीतली कबुतरांची घाण हे दुसऱ्याने साफ करायचं, तेव्हा बाबा आतल्या खोलीत. जेवण ताजं, गरम, घरचं. कोशिंबीर, उसाचा रस, पाणीपुरी सध्या विसरा (बाबा चिडतील, चिडू देत). सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट पण नको, रक्तातली औषधाची लेव्हल वाढते. आणि हमखास चुकतं ते हे, लेव्हलची टेस्ट असेल त्या सकाळी ती गोळी घरी द्यायची नाही, डबीत घालून सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर तिथेच द्यायची, नाहीतर रिपोर्ट जास्त दाखवतो आणि डोस उगाच कमी होतो. तापाचा नियम सगळ्यांनाच, बाकीचं हे सगळं मात्र डोनरच्या पेशी असतील तर, स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील तर या गोळ्या सहसा नसतात आणि बंधनंही लवकर सुटतात, शिवाय खाण्याचे नियम प्रत्येक हॉस्पिटलचे थोडे वेगळे असतात तेव्हा डिस्चार्जचा कागद आधी वाचा.