आरोग्य समितीतला लोकसहभाग खरा की कागदावरचा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या गावाच्या आरोग्य व पोषण समितीबद्दल विचारलंय. हजेरीवरून मोजू नका. सह्या रजिस्टर घरोघरी फिरवूनही मिळतात. वर्षभराची इतिवृत्तं काढा आणि लोकांनी मांडलेली प्रत्येक मागणी शोधा. तिचं पुढे काय झालं? नाही म्हटलं असेल, तर कारण परत येऊन सांगितलं का? अबंधित निधी (म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा समितीचा निधी) कशावर खर्च करायचा हे बैठकीत ठरलं, की आधीच ठरवून नुसतं वाचून दाखवलं?

मग गैरहजर कोण ते बघा. दिवाळीनंतर निम्मा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला गेलेला असतो. तेव्हा बैठक घेऊन ‘प्रतिसाद नाही’ लिहिणं म्हणजे थट्टाच. आलेल्या बायका बोलल्या का, हेही वेगळं नोंदवा.

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच ठेवलेली देखरेख, सुरू झाली. त्यात गावकरीच हिरवा (चांगलं), पिवळा (मध्यम) किंवा लाल (वाईट) रंग देऊन सेवांचं प्रगतिपत्रक बनवतात आणि जनसुनवाईत मांडतात. हे प्रगतिपत्रक आधी एकदा भरा, सहा महिन्यांनी पुन्हा भरा. मात्र सगळंच हिरवं आलं तर मला शंका येते. भरताना शेजारी कोण बसलं होतं, ते विचारा.