मालवणच्या खडकांवरील तपकिरी शैवाल ही वनस्पती आहे का, आणि पावसाळ्यात ते नाहीसे का होते?

आजच्या वर्गीकरणानुसार ती वनस्पती नाही. त्यातले सरगॅसम हे शैवाल पाहिले की त्याला देठ, पाने आणि इवलाली फळे आहेत असे वाटते; परंतु त्या ‘फळांत’ हवा भरलेली असते, आणि भरतीचे पाणी चढू लागले की या फुग्यांच्या आधाराने सगळ्या फांद्या प्रकाशाकडे उभ्या राहतात. तळाची चकती मुळाचे काम करीत नाही. ती केवळ खडकाला घट्ट धरून ठेवते. पाणी व क्षार सर्वांगातून शोषले जातात.

तपकिरी रंग फ्यूकोझँथिन या रंगद्रव्यामुळे येतो. ताजा तुकडा उकळत्या पाण्यात टाकल्यास तो बघता बघता हिरवा होतो, कारण खाली हरितद्रव्य असतेच. मात्र ते ‘अ’ आणि ‘क’ प्रकारचे असते, वनस्पतींप्रमाणे ‘अ’ आणि ‘ब’ नव्हे. शिवाय अन्नाचा साठा स्टार्चऐवजी लॅमिनॅरिन या वेगळ्या पिष्टमय पदार्थाच्या रूपात होतो, हरितलवकाभोवती चार पटले असतात आणि पोहणाऱ्या प्रजननपेशींना सहसा दोन असमान कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे) असतात. या खुणांवरून सुमारे २,००० जातींचा हा फिओफायसी (तपकिरी शैवालांचा) वर्ग डायाटम या सूक्ष्म एकपेशीय शैवालांच्या गोतावळ्यात जातो. सुपारीवर कोळेरोग आणणारा, बुरशीसारखा दिसणारा फायटोप्थोरासुद्धा त्यातलाच. म्हणजे सरगॅसमला किनाऱ्यावरच्या माडापेक्षा बागायतदाराचा हा शत्रू अधिक जवळचा. मला स्वतःला हे नाते फार गमतीचे वाटते.

आपल्याकडे सरगॅसम फ्यूकेलीस गणात, तर पंख्यासारखा पॅडिना आणि दोन-दोन फाटे फुटत जाणारा डिक्टिओटा हे डिक्टिओटेलीस गणात येतात. पॅडिनावरचा पांढुरका थर चुन्याचा असतो. त्यावर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे येतात. थंड समुद्रात ३० मीटरहून उंच वाढणारे केल्प हे तपकिरी शैवाल मात्र आपल्या कोमट पाण्यात आढळत नाही.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. सरगॅसम ओहोटीच्या सर्वांत खालच्या पट्ट्यात, जेथे खडक फार वेळ उघडा पडत नाही, तेथे वाढते. पाऊस सरल्यावर पाणी निवळते तशी त्याची वाढ जोम धरते, आणि या दाटीत गोगलगायी, कुरल्या व माशांची पिल्ले आसरा घेतात. प्रजनन उरकल्यावर फांद्या झडू लागतात. उरलेल्या पावसाळी लाटांनी तुटतात आणि गढूळ पाण्यात प्रकाशही पुरेसा पोहोचत नाही. तरीही चकती आणि बुंध्याचा थोडा भाग खडकावर तग धरून राहतो व त्यालाच पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून अल्जिनेटसाठी (तपकिरी शैवालातून मिळणाऱ्या, पदार्थ घट्ट करणाऱ्या द्रव्यासाठी) शैवाल काढताना ते चकतीसकट न उपटता वरून कापावे लागते.