हिवाळ्यात लेकरांना घेऊन कुठं जायचं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

थंडी सुरू झालीय, लेकरांना घराबाहेर काढताना काय काय अडचणी येतात ते लिहून पाठवा असं मागच्या अंकात म्हणलं होतं, तर मेसेजचा नुसता पाऊस पडला. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. कुणाचा सुटला असेल तर रागवू नका.

प्रश्न : ताई, आम्ही छत्रपती संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहतो, गावाकडची शेती सासऱ्यांच्याच काळात विकली. मुलं सहा आणि दहा वर्षांची. हुरडा पार्टीला न्यावं म्हणलं तर माणशी साडेपाचशे सांगतात. एवढे पैसे देऊन खरंच मजा येते का?

खरं सांगू का, मी पण एकदा असे पैसे भरून गेले होते. जागेचं नाव घेत नाही. गेटवर फेटे बांधले, आत डीजे, स्विमिंग टँकपाशी सेल्फीची रांग, आणि हुरडा आला तो स्टीलच्या ताटलीत, कोमट, वर बारीक शेव. माझ्या पोरानं विचारलं, मम्मी हे कशाचे दाणे आहेत. म्हणजे ज्वारीचं ताट उभं कसं असतं तेच त्यानं बघितलं नव्हतं आणि ते तिथं बघायला मिळालंही नाही.

तेव्हा पैसे द्यायचे तर द्या, पण आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. आगटी, म्हणजे हुरडा भाजायची शेकोटी, समोर पेटवता का, आणि लेकरांना वावरात जाऊन कणसं तोडू देता का. दोन्हीला हो म्हणले तर जा. त्याहून बरं म्हणजे ऑफिसात, सोसायटीत, भाजीवाल्या मावशींकडं विचारून बघा, कुणाचं तरी रान जवळपास निघतंच. आधी सांगून जायचं, जाताना गूळ, दही, चटणी आपण न्यायची, आणि कणसांचे पैसे द्यायचे, फुकट मागायचं नाही. आता ज्वारी आधीसारखी राहिली नाही, सगळीकडं सोयाबीन, तूर आणि मागून हरभरा, त्यामुळं कित्येक जण फक्त हुरड्यापुरत्या चार ओळी सुरती नाहीतर गूळभेंडी लावतात, आणि त्यातलं निम्मं पाखरं खातात.

जायच्या आधी ज्वारी हुरड्यात आलीय का ते विचारून घ्या. दाणा नखानं दाबला की नुसतं दूध उडालं तर अजून थोडे दिवस, आणि कडक लागला तर उशीर झाला. हा मधला काळ एका वावरात फार दिवस टिकत नाही, साधारण डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर कुठं ना कुठं चालू असतो.

लेकरांना कामाला लावायचं बरं का, पाहुण्यासारखं सतरंजीवर बसवायचं नाही. सकाळी लवकर पोचलात तर राखण करायला लावा, डबा वाजवून हाऽऽ हाऽऽ करून पाखरं उडवायची, यात सहा वर्षाच्या पोराला जी मजा येते ती कुठल्या पाळण्यात येत नाही. गोफण मात्र मोठ्या माणसाच्याच हातात, दगड कुठं जाईल सांगता येत नाही. मग गवऱ्या गोळा करायच्या, छोटासा खड्डा करून आगटी पेटवायची, गवऱ्यांचा चांगला आर पडला की कणसं त्यात खुपसायची. भाजलेलं कणीस चोळणं हे जाणत्या हाताचं काम, तळहात भाजतो, म्हणून ते रानातल्या आजीवर नाहीतर काकांवर सोडा. फोलपट फुंकून उडवायचं काम लेकरांचं. नाकातोंडात जाईल, जाऊ द्या. सोबत जवसाची नाहीतर कारळाची चटणी, तिळाची, लसणाची, गूळ, मडक्यातलं दही. निखाऱ्यात दोन वांगी टाकून ठेवा.

दोन गोष्टी जपा. बाजूच्या वावरातला हरभरा दिसला की लेकरं लगेच उपटून खातात, घाटेअळीसाठी या दिवसात हरभऱ्यावर फवारणी झालेली असू शकते, शेतवाल्याला विचारल्याशिवाय ढाळ्याला, म्हणजे त्या हिरव्या हरभऱ्याला, हात लावू देऊ नका, विचारलं तरी धुवूनच. आणि आगटी झाडाखाली पेटवू नका, वर आग्या मोहोळ असलं तर धुरानं उठतं आणि मग पळता भुई थोडी.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. कार्टूनमध्ये बघून रोज विचारतो, आपल्या परभणीला बर्फ कधी पडणार? काय सांगू?

परभणीचा पारा एक आकड्यावर आला की पेपरात बातमी येते, त्यामुळं त्याची अपेक्षा काही अगदीच चुकीची नाही, हाहा. पण त्याला हे सांगा की बर्फ पडायला गारठा पण लागतो आणि ढग पण लागतात, आणि आपली कडाक्याची थंडी पडते तीच आभाळ मोकळं असलं की. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री सरळ वर निघून जाते, ढग असले तर ते गोधडीसारखं अडवतात आणि रात्र उबदार जाते.

हे नुसतं सांगू नका, करून दाखवा. रात्री गच्चीवर एक स्टीलचं ताट उघड्यावर ठेवा, दुसरं टेबलाखाली. पहाटे दोन्हीवर बोट फिरवायला सांगा. उघड्यावरच्या ताटावर दंव जमलेलं असेल, त्यावर त्याचं नाव लिहू द्या. ढगाळ रात्री हेच परत करा, फरक त्यालाच कळेल. चार-पाच दिवस पोरगं स्वतःहून पहाटे उठतं, हा फायदा वेगळाच.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, लग्न होऊन लातूरला आले. मागच्या येळवशीला मुलगी आजारी म्हणून घरी थांबले तर अख्खं शहर बंद, दूधसुद्धा मिळेना! यंदा सासरच्यांसोबत शेतात जायचंय. मुलगी चार वर्षांची. तिथं दिवसभर करायचं काय?

अगं बाई, येळवशीला लातुरात घरी थांबलीस म्हणजे तुला भुतानं धरल्यासारखंच वाटलं असणार. माझं बालपण औसा तालुक्यातलं, त्यामुळं या प्रश्नावर मी जरा जास्तच बोलणार, आधीच सांगते.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या भागात हा सण, कर्नाटकाच्या सीमेकडं पण असतो, तिकडं एळ्ळ अमावस्या म्हणतात. सगळी माणसं रानात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याचं आमंत्रण, आणि आमंत्रण नसलं तरी बांधावरून जाणाऱ्याला हाका मारून मारून जेवायला बसवतात, एका दिवसात तीन शेतात जेवलेली माणसं मी बघितलीत (एक आमचे मामाच).

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव, आणि लक्ष्मीची पूजा. तुझ्या मुलीला चुन्याचं काम देऊ नकोस, डोळ्यात गेला तर वाईट, पण कुंकवाची बोटं ओढू दे, फुलं वेचू दे. मग अंबील, म्हणजे ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबट पेय, घेऊन शेतात शिंपडत फिरतात, त्या फेरीत तिला पुढं ठेव. लहानपणी आम्हाला अंबिलीच्या बिंदग्यामागं (छोट्या घागरीमागं) पळायची एवढी घाई असायची की पायात ढेकळं रुतलेली घरी आल्यावर कळायची. म्हणून सांगते, सँडल नको, बूट-मोजेच घाल, तुरीचे धसकट फार लागतात.

जेवणाचं तर काय सांगू. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत हं, पुण्याच्या माणसाचा इथं दरवर्षी घोटाळा होतो! ताज्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या असं सगळं बेसन आणि ताकात शिजवलेलं, सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, अंबील. चार वर्षाच्या लेकराला भज्जी एकदम भरपूर देऊ नकोस, पचायला जड असते, खीर-पोळीवर भागव.

दुपारी मोठी माणसं झाडाखाली लवंडतात आणि तिथंच लेकरं कंटाळतात. तेव्हा झाडाला दोराचा झोका, बोरीखाली बोरं वेचणं, नाहीतर पानं-शेंगा जमवून कुठलं पीक कुठलं ते ओळखणं. विहिरीकडं मात्र एका माणसानं डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, शेततळ्याकडं तर जास्तच, त्याला प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, घसरलेलं लेकरू वर चढूच शकत नाही.

आणि अंधार पडला की लगेच गाडीत बसू नका. अमावस्या असते, चंद्र नाही, रानात लाईट नाहीत, एवढं काळंभोर आभाळ शहरात शोधून सापडत नाही. पूर्वेकडं मृग दिसतो, मधोमध तिरप्या ओळीत तीन तारे म्हणजे बाण, चार बाजूंना चार तारे म्हणजे हरणाचे पाय. मार्गशीर्ष हे नावच मुळी मृगशीर्ष नक्षत्रावरून आलंय. थोडं थांबलात तर बाणाच्या रेषेत खाली व्याध उगवतो, रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला साधारण साडेआठ वर्षं लागतात, म्हणजे तुझी मुलगी आज बघेल तो उजेड तिच्या जन्माच्या आधीच निघालेला!

परतीला सावकाश या. ऊसतोडीचे दिवस असतात, ट्रॉल्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही.

प्रश्न : जालन्याहून एका दिवसात लोणार करावं का जायकवाडी? सोबत पाच वर्षांचा नातू आहे आणि माझे गुडघे दुखतात.

काका, गुडघे दुखत असतील तर जायकवाडी. लोणार विदर्भात असलं तरी तुम्हाला जवळ आहे हे खरं, आणि उल्केच्या धडकेनं झालेलं ते सरोवर बघण्यासारखंच आहे, पण खाली उतरून परत चढायचं म्हणजे नातू खांद्यावर आणि गुडघे वाऱ्यावर.

जायकवाडी धरणाचं पाणी म्हणजेच पैठणचा नाथसागर, त्याचं पाणी उथळ, काठ पसरट. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, आणि थंडीत लांबलांबून पाखरं येतात. पट्टकादंब नावाचं हंसासारखं पाखरू ओळखायला सोपं, पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे. ते हिमालय ओलांडून येतं, विमानासारखं उंचावरून, हे नातवाला सांगा, मग बघा कसा मोजायला लागतो. भगव्या रंगाचे चक्रवाक जोडीनं दिसतात, चपट्या चोचीचे थापटे, नशीब असलं तर रोहित (फ्लेमिंगो) पण. सूर्य उगवायच्या सुमाराला पोचा, ऊन पाठीमागं ठेवून उभे राहा, भडक कपडे नकोत. दुर्बीण नसली तर कुणाची मागून न्या, फार भारी नको, लेकराला जड दुर्बीण धरता येत नाही. पाण्याच्या कडेचा गाळ फसवा असतो, वरून वाळलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो, तेव्हा नातवाचा हात सोडू नका.

(वेरूळ-अजिंठ्याचं बऱ्याच जणांनी विचारलंय, एवढंच सांगते की वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, दरवर्षी कुणी ना कुणी गेटवरून परत येतं.)

प्रश्न : सासूबाई म्हणतात लेकराला थंडीत बाहेर नेलं की सर्दी होणारच. बरोबर आहे का?

अर्धं. सर्दी विषाणूनं होते, आणि तो बंद खोलीत एकमेकांजवळ बसल्यानं जास्त पसरतो. पण पहाटेच्या गारठ्यात उघड्या कानानं मोटारसायकलवर पुढं बसवून नेलं तर लेकरू गारठणारच, तिथं सासूबाईंचं ऐका. आपल्याकडं पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घाला, ऊन चढेल तसे काढता येतात. दम्याचं लेकरू असेल तर आगटीच्या धुरापासून आणि खळ्याच्या धुळीपासून लांब ठेवा आणि त्याचा पंप सोबत घ्या.

प्रश्न : संक्रांतीला पतंग उडवायचाय, नायलॉनचा मांजा चालेल का? पोरगा म्हणतो सगळे तोच आणतात.

नाही. त्यावर बंदी आहे, आणि पाखरांचेच नाही तर गाडीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे कापलेत त्यानं. साधा सुती दोरा आणा. काटाकाटीत हरेल, हरू द्या.

प्रश्न : नांदेडहून लिहितो. वय ६८. नातवंडांना विटीदांडू शिकवायचाय, पण मोजताना आम्ही जे वकट, लेंड, मूंड म्हणायचो ते त्यांना हसू येतं. हे शब्द आले कुठून? आणि खेळ धोक्याचा नाही ना?

आजोबा, तुमच्याच शेजारून आले! ते तेलुगू आकडे आहेत. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, म्हणजे एक, दोन, तीन, चार. ओकटीचं वकट, रेंडूचं लेंड, मूडूचं मूंड, नालुगूचं नाल झालं. नातवंडांच्या वर्गात कुणी तेलुगू बोलणारं पोरगं असेल तर त्याच्यासमोर मोजायला सांगा, हसणं बंद होईल आणि तेच पोरगं डावात येईल.

धोका आहे, विटीची टोकं डोळ्याला लागतात. म्हणून टोकं फार अणकुचीदार करू नका, विटी वीतभर आणि दांडू त्यांच्या हाताला पेलेल एवढाच. मारणाऱ्याच्या समोर जवळ कुणी उभं राहायचं नाही, झेलणारे लांब. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळू नका, गाड्यांच्या काचांचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील, ज्वारी-हरभरा निघाल्यावर रिकामं रान सापडतंच.

एक मात्र विचारते. नालच्या पुढं तुमच्याकडं काय म्हणायचे? आमच्या घरात यावरून नवऱ्याचं आणि माझं अजून मिटलेलं नाही, तो हिंगोलीचा आणि मी औशाची. लिहून कळवा, पण गावाचं नाव टाकून.